नुकसान कुणाचं, ते सांगा!

अण्णांच्या मोटारीत शेजारच्या जागेवर बसणाऱ्याने दोन गोष्टी घट्ट धरायच्या असत. डाव्या हाताने दाराची मूठ आणि उजव्या हाताने पत्र्याचा डबा. डबा बिस्किटांचा होता, पण आत नाणी आणि थोड्या नोटा असत. मोटार तिशीच्या पुढे गेली की नाणी वाजू लागत, पस्तिशीला नाचू लागत. चाळिशीला काय होई ते मला नीटसं सांगता येणार नाही, कारण तेव्हा माझे डोळे मिटलेले असत. काट्याकडे न बघता नुसत्या आवाजावरून वेग सांगायला मी त्या मोटारीत शिकलो.

अण्णा म्हणजे आमचे घरमालक. चामराजपेटेत त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही नवराबायको भाड्याने राहत होतो. मी मूळचा बेळगावकडचा, एका कारखान्यात हिशोबतपासनीस. अण्णांचं घराणं मात्र तीनशे वर्षांपूर्वी मराठा फौजेबरोबर बंगळूरला आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी बोलत, पण तिच्यात निम्मी कानडी मिसळलेली. सगळी गल्ली त्यांना अण्णा आणि त्यांच्या पत्नीला अक्का म्हणे. मला ते ‘लेक्कसाहेब’ म्हणत. लेक्क म्हणजे हिशोब. चिकपेटेत त्यांचं कापडाचं ठोक दुकान होतं आणि दर रविवारी दुकान बंद असलं की ते आनेकलला विणकरांकडे रेशमी साड्या बघायला जात. मोटार जुनी, काळी, इंग्रजी बनावटीची. आमचे पूर्वज इथवर दौडत आले, त्यांचं कुणी घड्याळ लावलं होतं का, असं ते वेगाचं नाव काढणाऱ्याला विचारत.

आता त्या डब्याचं सांगतो. त्याचं नाव नष्टाचा डबा. कानडीत नुकसानीला नष्ट म्हणतात. एकदा सिटी मार्केटपाशी मोटारीचा आरसा एका बाईच्या डोक्यावरच्या टोपलीला लागला आणि वांगी रस्ताभर झाली. अण्णांनी जागच्या जागी ब्रेक मारला, उतरले, आणि बाईने तोंड उघडायच्या आत विचारलं, “सगळ्या टोपलीचे किती?” बाईने सांगितलं तेवढे दिले. वर आणखी आठ आणे ठेवले.

“हे कशाचे?” बाई म्हणाली.

“भ्यायलीस त्याचे.”

पुढे वांगी गोळा करायलाही ते तिच्याबरोबर वाकले. मागे मोटारी, घोड्यांचे जटके, सायकली खोळंबल्या होत्या. कोपऱ्यावरचा पोलीस वही काढत आला, तेव्हा अण्णांनी त्याला हात जोडले आणि कानडी रीतीने ‘दोरे’, म्हणजे साहेब, म्हटलं. “मिटलं, दोरे. हिचं गेलं, हिला मिळालं. तुमचं काय गेलं?”

हाच त्यांचा सगळा कायदा होता. कुणी दंडाचं नाव काढलं की ते दोन्ही भाषांत गरजत, “नष्ट यारिगे? नुकसान कुणाचं, ते सांगा! तो माणूस माझ्यासमोर उभा करा, दुप्पट देतो. पण ज्याचं काही गेलं नाही त्या सरकारला का द्यायचं? मी काय सरकारच्या अंगावरून गेलो?”

पोलिसांवर त्यांचा राग नव्हता, रीतीवर होता. “पोलिसाने रस्त्यात उघड्यावर उभं राहावं. त्याला बघून लोक आपोआप सावकाश जातील. हे झाडामागे लपतात! का? लोक सावकाश गेले तर दंड कुठला मिळणार? ही राखण नव्हे, लेक्कसाहेब, ही शिकार.”

पुरावा म्हणून ते चिकपेटेतली आपली गल्ली दाखवत. तिथे एका वेळी एकच हातगाडी जाते. दोन समोरासमोर आल्या तर भरलेलीला वाट द्यायची, रिकामीने मागे सरकायचं. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण हमाल तान्ह्या पोरासारखा तो नियम सांभाळत. एका सणाच्या आधी गर्दी म्हणून तिथे एक पोलीस नेमला गेला. त्याने शिट्टी वाजवून भरलेली गाडी थांबवली आणि रिकामीला आत सोडलं. पाचव्या मिनिटाला गल्ली अशी तुंबली की दुकानदारांना दुकानाबाहेर पडता येईना. शेवटी हमालांनीच पोलिसाला एका ओट्यावर बसवलं, त्याच्या हातात कॉफी दिली आणि गल्ली मोकळी केली. अण्णा ही हकिकत इतक्या आनंदाने सांगत की ऐकणाऱ्याची कॉफी गार होई.

मी हिशोबी माणूस. मी एकदा मोटारीत सरळ विचारलं, “अण्णा, वांगी ठीक आहेत. उद्या माणूसच मेला तर या डब्यातून काय देणार?”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्याला डबा पुरत नाही. म्हणून शाळेपाशी, बाजारात मी बैलासारखा चालतो, तुम्ही पाहिलंय. मोकळ्या रस्त्यावर पळतो. कुठे सावकाश जायचं ते रस्ता सांगतो, पाटी नाही.”

हे खरं होतं. शाळा सुटायच्या वेळी त्यांच्या मोटारीला सायकली मागे टाकत. तरी माझं पूर्ण समाधान झालं नाही, आणि आजही झालेलं नाही. पण ऐकताना अंगावर काटा येई हे मात्र कबूल करतो. आमच्या कारखान्यात तर साधी घंटा वाजली तरी माणसं उभी राहत. आणि हा गृहस्थ!

एके दिवशी कोर्टाचं समन्स आलं.

लालबागेच्या पुढे, आनेकलच्याच वाटेवर, होसूरकडे जाणाऱ्या सडकेवर पोलिसांनी वेगाचा सापळा लावला होता. पद्धत अशी. सडकेवर दर फर्लांगाला एक दगड असतो. एका दगडापाशी एक पोलीस रुमाल घेऊन उभा राही. पुढच्या दगडापाशी एका बागेची भिंत होती, तिच्यावर झाडाआड दुसरा पोलीस घड्याळ घेऊन बसे. मोटार पहिल्या दगडाला आली की रुमाल खाली, घड्याळ सुरू. दुसऱ्याला आली की घड्याळ बंद. मग भिंतीवरून उडी मारायची, मोटारीचा मागचा नंबर वाचायचा आणि लिहून घ्यायचा. मर्यादा तासाला तीस मैल. समन्सात लिहिलं होतं : एक फर्लांग, साडेतेरा सेकंद, वेग तेहतीस मैल.

अण्णांनी जाहीर केलं, “दंड भरणार नाही. दंड न भरल्याची शिक्षा असेल ती भोगीन.”

अक्का स्वयंपाकघराच्या दारात मटकन बसल्या. पुष्कळ वर्षांत त्यांच्या हातचं सोडून अण्णांनी कुठे अन्न घेतलं नव्हतं. लग्नाला गेले तरी घरी येऊन ताकभात खात. मला त्या तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. त्या म्हणाल्या, “तम्मा, हे जेलात गेले तर उपाशी राहतील, पण दंड द्यायचे नाहीत. तू आकड्यातला माणूस. स्वल्प बघ की रे, काही निघतं का.”

काही निघतं का! असं विचारल्यावर माझ्यातला तपासनीस गप्प कसा बसेल? कागदावर वेगाचा हिशोब बरोबर होता, तो मी तीनदा केला. मग चूक असलीच तर सडकेत असणार. पुढच्या रविवारी मी आणि अण्णा पहाटे सडक मोजायला निघालो. मोजायला काय? दुकानातला लोखंडी गज! पुरा एक यार्डाचा.

अण्णा धोतर खोचून सडकेवर बसले आणि कापड मोजावं तशी त्यांनी सडक मोजायला घेतली. “एक... दोन... तीन...” जाणारे शेतकरी थांबून बघू लागले. एकाने विचारलंसुद्धा, “ही सगळी घेणार का, स्वामी?”

दुसऱ्या दगडापाशी आकडा आला एकशे नव्वद. फर्लांगाला दोनशे वीस हवेत! मी आनंदाने ओरडणार, तेवढ्यात माझं लक्ष अण्णांच्या अंगठ्याकडे गेलं. प्रत्येक गजानंतर ते अंगठाभर जागा सोडून पुढचा गज ठेवत होते.

“अण्णा, हा अंगठा कशाला?”

“गिऱ्हाइकाला तेवढं वर द्यावं लागतं,” ते सहज म्हणाले. मग त्यांच्याच लक्षात आलं आणि ते सडकेवर बसूनच पोट धरून हसू लागले. तीस वर्षं कापड मोजलेला हात! त्याने सरकारच्या सडकेलाही वरचं बोट दिलं होतं.

मी घरी जाऊन दुकानातल्या सुताची दोरी नीट मोजून आणली आणि पुन्हा सगळं मोजलं. या वेळी माझ्या हाताने. एकशे पंच्याण्णव! दोन वेळा केलं, दोन्ही वेळा तेच. जवळच्या नारळवाल्याने खुलासा केला. सडक रुंद करताना दगड उपटला होता, नंतर मजुरांनी सोयीच्या जागी पुरला. म्हणजे पोलीस ज्याला फर्लांग समजत होते तो पंचवीस यार्ड तोकडा होता. साडेतेरा सेकंदांत एकशे पंच्याण्णव यार्ड म्हणजे तासाला साडेएकोणतीस मैल. तीसच्या आत! अण्णा निर्दोष! मी सगळा हिशोब स्वच्छ अक्षरात कागदावर उतरवला. अक्कांनी त्या दिवशी आम्हाला हयग्रीव केलं. हरभऱ्याची डाळ आणि गूळ. मी दोनदा मागून घेतलं.

अण्णांनी कागद वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. एवढंच म्हणाले, “सरी,” म्हणजे ठीक आहे. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

खटल्याच्या दिवशी मी रजा घेतली. कोर्ट भरलेलं. मॅजिस्ट्रेट वयस्क, शांत गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवून ऐकत. अण्णांनी नष्टाचा डबा काखेत धरला होता, का ते कुणास ठाऊक. समोर साक्षीला तो घड्याळवाला पोलीस, एका बाजूने दुमडलेली हॅट छातीशी धरून. तिशीचा असेल, सडपातळ. खाकी चड्डी नवी कोरी, इस्त्रीची घडी अजून मोडलेली नव्हती. अण्णांनी त्याला या आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

अण्णांनी माझा कागद पुढे केला. मॅजिस्ट्रेटनी तो दोनदा वाचला, सरकारी वकिलाला दिला. वकिलाने आकडे बघून मान खाली घातली. जिंकलो! मी बाकावर अर्धा उठलो.

“मग तुम्ही तीसच्या आत होता,” मॅजिस्ट्रेट म्हणाले.

“नाही, साहेब,” अण्णा म्हणाले. “माझ्या मोटारीचा काटा चाळिसावर होता.”

मी परत बसलो.

“हा दगड चुकीचा आहे हे मी दाखवलं, कारण चूक ती चूक. पण दगडाच्या आड लपून मला सुटायचं नाही. मी चाळीसने गेलो. सडक मोकळी होती. कुणाच्या कोंबडीलाही धक्का लागला नाही. आता सांगा, नुकसान कुणाचं?”

कोर्टात हशा पिकला. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला. “तुम्ही चाळीसने होता, तर घड्याळ साडेतेरा सेकंद कसं दाखवतं?”

अण्णा वळले आणि भर कोर्टात ओरडले, “लेक्कसाहेब, किती व्हायला हवेत?”

मी उभा राहिलो. आकडा तयार होता. “दहा, साहेब. चाळीसने दहा सेकंद.”

“मग वरचे साडेतीन सेकंद गेले कुठे?” मॅजिस्ट्रेटनी पोलिसाकडे पाहिलं. “खरं सांग. तुला कुणी खाणार नाही.”

पोलिसाने हॅट आणखी घट्ट धरली. “पडलो, साहेब. गाडी फार जोरात आली. नंबर निसटेल म्हणून घड्याळ बंद करायच्या आधीच उडी मारली. भिंतीवरून दगडावर पडलो. उठून मग कळ दाबली.”

“लागलं?”

“गुडघा फुटला. चड्डी फाटली.”

अण्णांचा चेहरा त्या क्षणी मी पाहिला. इतकी वर्षं ते ज्याला शोधत होते तो माणूस सापडला होता. नुकसान झालेला माणूस! ते पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून पुढे झुकले. “नवी चड्डी कुणी दिली तुला?”

“पगारातून कापली.”

“अरे मग आधी बोलायचं नाही का, महाराया!” अण्णा आनंदाने जवळजवळ नाचले. त्यांनी फटकन डब्याचं झाकण उघडलं. “चड्डीचे हे. गुडघ्याचे हे. औषधाचे हे. आणि हे भ्यायल्याचे. घे!” आणि कठड्यावरून हात लांब करून त्यांनी नोटा त्या पोलिसाच्या हातात कोंबल्या.

सरकारी वकील ताडकन उभा राहिला. “साहेब, नोंद घ्यावी! आरोपी साक्षीदाराला पैसे देतो आहे! सरकारी नोकराला, कोर्टात!”

पोलिसाचा चेहरा पांढराफटक पडला. हातात नोटा होत्या, त्या टाकायच्या की धरायच्या ते त्याला कळेना. हॅट खाली पडली.

मॅजिस्ट्रेट हळू आवाजात बोलले, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं. “तुम्ही काय केलंत, कळतं का? मी हे नोंदवलं तर तुमच्यावर दुसरा खटला होईल. त्याची तुम्हाला हौस दिसते. पण याची नोकरी जाईल. चौकशी होईल, साक्ष विकली म्हणतील. याने तर फक्त खरं सांगितलं.”

अण्णा पोलिसाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे याचं नुकसान आता मी करतोय?”

“होय.”

मी अण्णांना गप्प झालेलं दोनदाच पाहिलं. एकदा मोटारीत, मी माणसाच्या मरणाचं विचारलं तेव्हा, आणि त्या दिवशी. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला आकड्यांत मांडता येणार नाही. अक्का बाहेर व्हरांड्यात डब्यात ताकभात घेऊन बसल्या होत्या, जेलात पोचवायला. अण्णांना जेल चालला असता. जेलसाठी ते तयार होऊन आले होते. पण त्यांचा हट्ट आता दुसऱ्याच्या पोटावर आला होता.

त्यांनी हात पुढे केला. पोलिसाने नोटा परत ठेवल्या. अण्णा म्हणाले, “साहेब, मी म्हातारा गोंधळलो. पैसे दंडाचे होते, चुकून भलतीकडे गेले. मी तीसच्या वर होतो. दंड सांगा, भरतो.”

मॅजिस्ट्रेटनी चष्मा परत कपाळावर चढवला. मग पंधरा रुपये सांगितले. वकील काही बोलायला उठला, त्याला हाताने बसवलं.

पायऱ्या उतरताना मला वाटलं, हा माणूस आता मोडला. अक्का तर रडतच पुढे आल्या. अण्णा त्यांच्या हातातला डबा घेऊन तिथेच पायरीवर बसले आणि ताकभात खाऊ लागले. तोंडात घास असताना मला म्हणाले, “दंड नाही भरला, लेक्कसाहेब. नुकसान थांबवलं. पण त्याचं देणं राहिलं ना!”

ते देणं द्यायची त्यांनी खूप धडपड केली. दुकानातलं खाकी कापड एका ओळखीच्याकडून पाठवलं. पोलिसाने हात जोडून परत केलं. फळं पाठवली, तीही परत. बरोबरच होतं त्याचं. एकदा पोळलेला.

मग एका रविवारी मी त्यांच्याबरोबर आनेकलला निघालो. सापळ्याचा पहिला दगड आला, मी सवयीने डबा धरला, आणि नाणी वाजेनात! काटा पाहिला. पंधरा! पुढून बैलगाडी चालली होती, तिलाही आम्ही गाठलं नाही. भिंतीवर झाडाआड तोच पोलीस बसला होता. अण्णांनी हॉर्न वाजवला आणि त्याला नमस्कार केला. त्याने घड्याळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि तोंडावर हॅट धरली. हसू लपवायला, दुसरं काय!

“अण्णा, कायदा मानायला लागलात?”

“कायद्याला कोण विचारतो? त्याला उडी मारायला लागू नये. गुडघा दुखतो त्याचा, थंडीत जास्त. पैसे घेत नाही, तर असं फेडतो.”

असं ते दर रविवारी फेडत राहिले. भिंत संपली की नाणी पुन्हा नाचू लागत. किती महिने चाललं हे हिशोबी असूनही मी मोजलं नाही. पण एकाही रविवारी चुकलं नाही. पाऊस असो, उशीर होवो, विणकर वाट बघत असोत, त्या भिंतीपाशी मोटार पंधरावर येई आणि नमस्कार होई.

शेवटी एका रविवारी भिंतीवर वेगळाच पोलीस दिसला, जवान, गोल चेहऱ्याचा. अण्णांनी मोटार थांबवली. “तो आधीचा कुठे?”

“मैसूरला बदली झाली. तिथे ऑफिसात बसायचं काम.”

“गुडघा?”

“बरा आहे की. परवा सायकलवरून स्टेशनला गेला.”

अण्णांनी डोळे मिटले, उघडले. “फिटलं,” ते म्हणाले. मग त्यांनी मोटार उलट फिरवली.

“कुठे चाललात?” मी विचारलं, पण मला कळलं होतं. पहिल्या दगडाच्याही पलीकडे जाऊन त्यांनी पुन्हा तोंड वळवलं. मी दाराची मूठ धरली, डबा धरला. नाणी वाजली, नाचली. रुमाल खाली पडताना मी पाहिला. झाडं मागे सरू लागली, भिंत आली, आणि या वेळी मी डोळे उघडे ठेवले होते! तो जवान पोलीस भिंतीच्या कडेला उठून उभा राहत होता. अण्णांनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं आणि ओरडले :

“उडी मारू नको रे! सावकाश उतर! नंबर मीच सांगतो!”

आणि पुढे सावलीत त्यांनी मोटार खरंच थांबवली. इंजिन बंद केलं, पानाचा डबा मांडीवर घेतला. मागे वळून पाहिलं तर पोलीस भिंतीला धरून, एकेक पाय ठेवत जपून उतरत होता.

“येऊ दे त्याला आरामात,” पानाला चुना लावत अण्णा म्हणाले. “बोलायचं पुष्कळ आहे.”